सरलेलं वर्ष आणि जूनमध्ये आठवीत येणारी मुलं

साकवापलीकडे
२७ मे २०२५, रात्री ९:४०

दहावीचा निकाल १३ मेला लागला. राज्याचा ९४.१० टक्के, आपल्या कोकण विभागाचा ९८.८२. नऊ विभागांत पुन्हा आपणच पहिले. आपल्या शाळेच्या मुलांनीही नाव काढलं. फलक लागला, पेढे झाले, संस्थेच्या सभेत अभिनंदनाचा ठराव झाला. मुलांनी कष्ट केलेत, कौतुक झालंच पाहिजे.

पण दरवर्षी आपला आढावा दहावीपासून सुरू होतो आणि दहावीवरच संपतो. गेल्या जूनमध्ये जी मुलं आठवीत नवी आली त्यांचं वर्ष कसं गेलं, हे कुठल्याच सभेत कुणी विचारत नाही. माझी मुलगी त्यांच्यातलीच, त्यामुळे मला ते जवळून दिसलं.

बाहेरगावी असलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी सांगते, आपलं हायस्कूल आजही आठवी ते दहावीच आहे. मुलं येतात ती आजूबाजूच्या वाड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून सातवी करून. तिथं काही ठिकाणी दोन-तीन शिक्षक मिळून सातही वर्ग सांभाळतात. मूल पहिलीपासून त्याच गुरुजींच्या हाताखाली असतं. गुरुजींना त्याचं घर माहीत, आजोबा माहीत, काल त्याला ताप होता तेही माहीत. तेच मूल हायस्कूलला येतं आणि दर तासाला समोरचा माणूस बदलतो. त्यातल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नसतं.

आमच्या वाडीतला एक मुलगा गेल्या जूनमध्ये रोज सगळी पुस्तकं आणि सगळ्या वह्या घेऊन शाळेत जायचा. वेळापत्रक वर्गात लावलेलं होतं, पण आडवे वार, उभे तास आणि चौकटीत विषयांची आद्याक्षरं असा तक्ता त्यानं आधी कधी बघितलाच नव्हता. 'सा.वि.' म्हणजे सामान्य विज्ञान, पण हे विचारायचं कुणाला? दप्तर इतकं फुगलेलं की छत्रीच्या बाहेर राहायचं. साकवावर आला की वाऱ्यानं छत्री उलटी आणि झड सरळ दप्तरावर. घरी आल्यावर त्याची आई एकेक वही चुलीवरच्या दोरीला वाळत घालायची. शाईपेनानं लिहिलेली पानं निळी होऊन गेली होती. शेवटी त्यानं वह्या न्यायचंच सोडलं आणि शाळेत नोंद झाली की मुलगा गृहपाठ करत नाही.

यंदा १६ जूनला शाळा उघडते आणि २७ ऑगस्टला गणपती आहेत. मधे मिळतात दहा आठवडे. माझं मत असं की एवढ्या काळात मूल वर्गात रुळलं तर रुळलं, नाहीतर जे मागच्या बाकावर बसतं ते दहावीपर्यंत तिथंच राहतं.

म्हणून हा धागा. सरलेल्या वर्षात तुम्ही काय पाहिलंत आणि येणाऱ्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना काय सांगाल, ते लिहा. शिक्षकांनी, पालकांनी, मुलांनीही.

---

निवृत्त_गणित
२८ मे, सकाळी ७:१५

ताई, विषय चांगला काढलात. मी गणितापुरतं लिहितो.

आठवीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण 'परिमेय व अपरिमेय संख्या'. संख्यारेषेवर उणे दोन-तृतीयांश दाखवा, असं पहिल्याच आठवड्यात येतं. ज्या मुलाला दोन-तृतीयांश मोठं की तीन-चतुर्थांश मोठं हे पटकन सांगता येत नाही, त्याचं गाडं तिथंच अडतं. पुढे समांतर रेषा, घातांक, मग विस्तार सूत्रं, मग बैजिक राशींचे अवयव. विस्तार सूत्रं नीट झाली नाहीत तर अवयव येत नाहीत. अवयव आले नाहीत तर नववीतल्या बहुपदी आणि दहावीतली वर्गसमीकरणं पाठांतरावर जातात. दहावीला बीजगणिताचे ४० आणि भूमितीचे ४० गुण, त्यातल्या बीजगणिताचं बरंचसं आठवीतल्या त्या दोन प्रकरणांवर उभं असतं.

माझी शाळेला विनंती आहे की जूनमधले पहिले दोन आठवडे पुस्तक उघडू नये. अपूर्णांक, ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी आणि तीसपर्यंतचे पाढे, एवढंच घ्यावं. "अभ्यासक्रम कधी संपणार?" असं विचारलं जातं. आठवीचा अभ्यासक्रम दोन आठवडे मागे पडला तरी दिवाळीनंतर भरून निघतो, हे मी नोकरीत असताना करून पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या अजून अंगवळणी पडलेली नाही. आठवीत आता ढकलगाडी नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालं तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. हे मुलाला घाबरवायला सांगू नका, पण घरात मोठ्यांना माहीत असू द्या.

---

आता_नववीत
२८ मे, दुपारी २:०५

मी गेल्या वर्षी नवीन होते. आईच्या फोनवरून लिहितेय.

मोठी माणसं अभ्यासाचं बोलतात, पण पहिल्या महिन्यात आम्हाला अभ्यासाची भीती वाटत नव्हती. भीती दुसऱ्याच गोष्टींची होती. मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे हे मी पहिल्या दिवशी कुणालाच विचारलं नाही आणि सुट्टी होईपर्यंत पाणीच प्यायले नाही. माझ्या मैत्रिणीनंसुद्धा तसंच केलं. नंतर दहावीच्या एका ताईनं आम्हाला हात धरून नेलं. ते पहिल्याच दिवशी कुणी दाखवलं पाहिजे.

दुसरं जेवणाचं. शाळा पोषण आहार आठवीपर्यंत असतो, त्यामुळे आम्ही ताट घेऊन रांगेत आणि नववी-दहावीचे डबा खात. आमच्या शाळेतून मी एकटीच मुलगी आले होते, तर कुणाच्या शेजारी बसायचं ते कळायचं नाही. मोठ्या शाळेतून दहा-बारा जण एकदम येतात, ते आपापसांत बसतात. एकटं आलेल्यांना वर्गशिक्षकांनी पहिल्या आठवड्यात जोडी लावून द्यावी असं मला वाटतं.

तिसरं, इंग्रजीच्या तासाला वाचायला उभं केलं की पाय थरथरतात. आमच्या मॅडमनी जुलैपासून एक केलं. आदल्या दिवशी सांगायच्या, उद्या तू हा परिच्छेद वाच. मग घरी दहा वेळा वाचून जायचं. मी पहिल्यांदा न अडखळता वाचलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता उद्या पुढचा." तेव्हापासून मला इंग्रजीचा तास आवडायला लागला.

आणि स्नेहसंमेलनात आठवीला नमन, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, करायला मिळालं ते सगळ्यात भारी. त्यात संकासुर झालेला मुलगा तोपर्यंत वर्गात एक शब्द बोलायचा नाही. त्या दिवशी सगळ्या शाळेला त्याचं नाव कळलं.

---

आगोट
२८ मे, रात्री १०:२०

@आता_नववीत, बाय, खूप छान लिहिलंस. पाण्याचं वाचून पोटात कालवलं.

मी खर्चाचं लिहिते, कारण मे संपताना प्रत्येक घरात तोच हिशेब चाललेला असतो. यंदा तर पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, लाकडं आत घेऊ की दप्तराचं बघू अशी गत झालीये.

जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेश मोफत मिळतो. आपली शाळा संस्थेची, अनुदानित. इथं पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत मोफत आणि आहारही मिळतो, पण गणवेश घरूनच घ्यावा लागतो. हे नव्या पालकांना जूनमध्ये शाळेत आल्यावर कळतं आणि मग धावाधाव होते. दहावी झालेल्या मुलांचे चांगले गणवेश घराघरांत पडून असतात. ते धुऊन, इस्त्री करून एकत्र केले तर बऱ्याच मुलांची सोय होईल. आमच्या घरचे दोन आहेत.

वह्यांचं नीट वाचा. गेली दोन वर्षं पुस्तकातच कोरी पानं होती आणि पुस्तकं चार भागांत यायची. सरकारनं जानेवारीत तो निर्णय मागे घेतला. म्हणजे यंदा पुस्तकं पूर्वीसारखी येणार आणि प्रत्येक विषयाला स्वतंत्र वही लागणार. पण सगळ्या वह्या दोनशे पानी घेऊ नका. कुठल्या विषयाला किती पानी आणि कुठली चौकटी, कुठली दुरेघी, हे शाळेनं कागदावर लिहून दिलं तर दुकानात जास्तीचे पैसे जाणार नाहीत.

नववीत गेलेल्यांना पुस्तकं विकत घ्यावी लागतात हा दुसरा धक्का. तिथं जुन्या पुस्तकांची पेढी हवीच. नववीतून दहावीत गेलेल्यांनी आपला संच १६ तारखेच्या आत शाळेत आणून द्यावा.

प्रवासाचं म्हणाल तर मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे आणि मुलांना तिकिटाच्या एक-तृतीयांश पैशांत मिळतो. गेल्या जूनपासून पास शाळेतच मिळायला लागले, आगारात रांग लावावी लागत नाही. त्यासाठी लागणारी माहिती आणि फोटो पहिल्याच दिवशी द्या.

---

दाखला_बघा
२९ मे, सकाळी ११:३०

शाळेच्या कार्यालयात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून एवढंच सांगतो. सातवीचा दाखला हातात आला की घडी घालून ठेवू नका. तिथंच उभं राहून वाचा.

मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात. हे सगळं आपल्याकडच्या जनरल रजिस्टरला जसंच्या तसं चढतं. तिथून दहावीच्या बोर्डाच्या अर्जावर, तिथून गुणपत्रिकेवर, आणि मग जन्मभर. मूल शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटली की ती फार अवघड होऊन बसते.

सरलेल्या वर्षात 'अपार', म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, काढायचं काम आलं तेव्हा हे ठळकपणे पुढे आलं. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव तंतोतंत जुळलं नाही की क्रमांक तयार होत नाही. आणि न जुळण्याची कारणं अगदी बारीक असतात. दाखल्यावर 'सहदेव', आधारवर 'साहदेव'. शाळेत आडनाव एक, आधारवर गावावरून पडलेलं दुसरंच. मुलीच्या नावापुढे कुठे 'कुमारी' चिकटलेलं, तर कुठे वडिलांच्या नावाला 'राव' लागलेलं. प्रत्येकासाठी पालकांना मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागलं.

आठवीत प्रवेश घेतानाच जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा. फरक असेल तर कार्यालयात तेव्हाच सांगा. जातीच्या दाखल्याचं कामही आठवीतच सुरू करा. दहावीच्या निकालानंतर सगळा तालुका त्याच रांगेत उभा असतो.

---

भांडुपकर
२९ मे, रात्री ११:५०

धागा वाचून शाळा डोळ्यांपुढे आली. सगळ्यांना नमस्कार.

साकवापलीकडे ताई, एका मुद्द्यावर मी वेगळं बोलणार आहे. दहावीच्या आढाव्याला कमी लेखू नका. यंदापासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. आधी मुंबई, पुणे आणि मोजक्या शहरांपुरता होता. आता राजापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयातली जागाही त्याच यादीतून मिळणार. जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरायचे आणि गुणांप्रमाणे नंबर लागणार. आपली बरीच मुलं मुंबईला काका-मामांकडे येऊन शिकतात, तिथं तर एकेका टक्क्यावर महाविद्यालय बदलतं. म्हणून गुण महत्त्वाचे, आणि शाळेनं त्याकडे लक्ष दिलं तर ते योग्यच आहे.

माझ्या भाच्याचा अर्ज या आठवड्यात मीच भरतोय. त्याला ८० च्या पुढे टक्के आहेत, पण आपल्याला विज्ञान हवं की वाणिज्य हे त्याला सांगता येत नाही. कारण तीन वर्षांत ते कुणी विचारलंच नाही. एवढं मात्र ताईंच्या बाजूनं जातं, हे खरं.

पुस्तकांच्या पेढीसाठी आम्ही मुंबईकर मंडळी नववीचे काही संच आणि कंपासपेट्या गणपतीला येताना आणू शकतो. आधी हवे असतील तर खाजगी गाडीनं पाठवू. किती लागतील ते कळवा.

---

बहुवर्ग
३० मे, रात्री ८:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझीच मुलं तुमच्याकडे आठवीत येतात. 'पाया कच्चा' असं इथं कुणी थेट लिहिलेलं नाही, पण दरवर्षी ऐकू येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्यासमोर एकाच खोलीत पाचवी, सहावी आणि सातवी बसतात. सातवीला समीकरण देऊन मी पाचवीकडे वळते, तोवर सहावीचं झालेलं असतं. याचे फायदेही आहेत. माझी सातवीची मुलं धाकट्यांना शिकवतात, स्वतःहून पुस्तक उघडून पुढचं वाचतात. ही ताकद घेऊन ती तुमच्याकडे येतात आणि पहिल्याच महिन्यात त्यांना गप्प बसायची सवय लागते. त्यांना काय येत नाही याची यादी जरूर करा, पण काय येतं तेही एकदा मला विचारा.

सरलेलं वर्ष आम्हाला जड गेलं. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, तिचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन माहिती भरणं. वर्षअखेरीला परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा सगळ्या राज्यात एकाच वेळापत्रकानं झाल्या. कोकणात त्या दिवसांत काजू-आंब्याचं काम, मुंबईहून आलेले पाहुणे आणि उकाडा. मुलं पेपरला आली, पण पेपर तपासून १ मेला निकाल द्यायला हातात जेमतेम दिवस होते. सातवीच्या मुलांना एक दिवस तुमच्या शाळेत आणून प्रयोगशाळा, ग्रंथालय दाखवावं असं ठरवलेलं, ते त्यातच राहून गेलं. ते आता जूनमध्ये करू या का?

एनएमएमएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं, कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आठवीच्या मुलांची ही परीक्षा डिसेंबरात असते. उत्तीर्ण होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५०) हवेत. दोन पेपर, दोन्ही ९० गुणांचे. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. दुसरा पेपर सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे सातवीची पुस्तकं रद्दीत घालू नका! माझ्या शाळेतली गेल्या वर्षीची एक मुलगी हुशार होती, पण तिच्या घरी ही परीक्षा असते हेच नोव्हेंबरात कळलं. ज्या घरात वडील खलाशी म्हणून आठ-आठ महिने बोटीवर असतात, तिथं वर्षाचे बारा हजार म्हणजे मुलीचं शिक्षण चालू राहणं.

---

निवृत्त_गणित
३१ मे, सकाळी ६:५०

बाई, तुमचं म्हणणं मान्य. मी वर जे अपूर्णांकांचं लिहिलं त्यात तुमच्याकडे बोट दाखवायचा हेतू नव्हता. तीन वर्ग एका खोलीत घेऊन जे शिकवता येतं ते तुम्ही शिकवता, हे मला माहीत आहे.

एक सुचवतो. प्रत्येक मुलाबद्दल तुम्ही चार ओळी लिहून द्या. काय चांगलं येतं, कुठे अडतं, घरी अभ्यास कोण घेतं, काही आजार आहे का. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणींवरून हे कळत नाही. आपल्या शाळेत येणाऱ्या चार-पाच शाळांनी एवढं केलं तर आठवीच्या वर्गशिक्षकांना ऑक्टोबरात जे समजतं ते जूनमध्येच समजेल.

---

तास_तिसरा
३१ मे, दुपारी ४:१०

मी हायस्कूलमध्येच शिकवतो. शाळेच्या वतीनं नाही, स्वतःचं लिहितोय.

चार ओळींची कल्पना मला फार पटली. आठवीच्या वर्गशिक्षकांकडे ती टिपणं पहिल्या दिवशी असतील एवढं मी बघतो.

आता सरलेल्या वर्षातल्या दोन गोष्टी. पहिली हजेरीची. जुलैत लावणी लागली की वर्ग अर्धा होतो. घरात माणसं नाहीत, मुंबईला गेलेली परत येत नाहीत, मग मूल चिखलात उतरतं. मी कुणाला दोष देत नाही. त्यातच अर्जुना आणि कोदवली भरून राजापूरच्या जवाहर चौकात पाणी आलं की गाड्या अडकतात आणि मुलं घरीच राहतात. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. पण मला हजेरीच्या आकड्यापेक्षा जास्त चिंता याची असते की लावणीहून परत आलेलं मूल 'माझं काय काय राहिलं' हे विचारतच नाही. गेल्या वर्षी नववीत आम्ही लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज शेवटचा तास फक्त राहिलेल्यासाठी ठेवला. जे हजर होते तेच समजावून सांगायचे. आठवीलाही हे करावं असं मी सभेत मांडणार आहे.

दुसरी शिमग्याची. यंदा दहावीचं वेळापत्रक असं आलं की १३ मार्चला होळी, १५ ला इतिहास आणि १७ ला भूगोल. दारात पालखी आणि हातात इतिहासाचं पुस्तक. पालखी खांद्यावर घ्यायचा मान घराकडे असतो, मुलाला नाही म्हणता येत नाही. यंदा काही वाड्यांत मानकऱ्यांनीच ठरवलं की दहावीच्या मुलांच्या घरी पालखी दिवसाउजेडी न्यायची आणि रात्रीच्या खेळ्यांत त्या मुलांना घ्यायचं नाही. त्या वाड्यांतली मुलं १५ तारखेला ताजीतवानी पेपरला आली. शाळेच्या आढाव्यात मी या मानकऱ्यांचं नाव आधी घेईन. पुढच्या वर्षी सगळ्या वाड्यांनी असं ठरवावं यासाठी आत्तापासून बोलायला हवं.

आणि पटाचं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं शिक्षकांच्या पदांसाठी पटाचे निकष कडक झाले. आपल्याकडे मुलं कमी होत चाललीत हे सगळ्यांना दिसतंय. मूल आठवीत आलं आणि रुळलं नाही म्हणून डिसेंबरात तालुक्याच्या शाळेत गेलं, तर त्याचा परिणाम मागे राहिलेल्या प्रत्येक मुलावर होतो. एक शिक्षक कमी झाला की विज्ञान कोण शिकवणार हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे या धाग्यातलं काम हे शाळा टिकवायचंही काम आहे.

---

साकवापलीकडे
३१ मे, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@भांडुपकर दादा, गुण महत्त्वाचे यात वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की दहावीचे गुण आठवीच्या जूनमध्ये घडायला लागतात आणि तेव्हा आपलं लक्ष फलकावरच्या नावांकडे असतं. नववीच्या संचांचा आकडा @आगोट वहिनींशी बोलून कळवते.

सर, बाई, माझ्या मनात असं आहे. शाळा सोमवारी १६ ला उघडते. त्याच्या आधी शनिवारी, १४ तारखेला सकाळी, नव्या मुलांना आईवडिलांसह बोलवू या. भाषणं नकोत. मुलांना शाळा फिरवून दाखवायची: वर्ग, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय. वेळापत्रक कसं वाचायचं ते फळ्यावर काढून दाखवायचं, आणि प्रत्येकानं सोमवारचं दप्तर तिथंच भरून बघायचं. पालकांना त्याच वेळी दुसऱ्या वर्गात दाखला-आधार ताडून देणं, एनएमएमएस, पास आणि वह्यांची यादी. आणि प्रत्येक वाडीतून नववी-दहावीतला एक दादा किंवा ताई नेमून द्यायची, जी गणपतीपर्यंत नव्या मुलांबरोबर येईल-जाईल.

---

तास_तिसरा
१ जून, सकाळी ८:००

मुख्याध्यापकांशी बोललो. १४ तारखेला सकाळी नऊ वाजता शाळा उघडी मिळेल. पाऊस जास्त असेल तर साकवापलीकडच्या वाड्यांसाठी रविवारी त्यांच्याच शाळेत बसू, आम्ही दोघे शिक्षक तिकडे येतो. लहान मुलांनी वाहत्या पऱ्ह्यातून येऊ नये.

---

बहुवर्ग
१ जून, दुपारी १:४०

माझ्या मुलांच्या चार-चार ओळी आज लिहायला घेतल्या. बाकीच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना निरोप दिलाय, दोघांनी होकार कळवला. त्या रविवारच्या बैठकीसाठी आमची खोली झाडून ठेवते.

---

आगोट
१ जून, सायंकाळी ६:२५

गणवेश आमच्या ओटीवर आणून द्या, ११ तारखेपर्यंत. मुलींचे जास्त लागतील. बटणं तुटलेली असतील तरी चालेल, मी लावून घेईन. कुठला गणवेश कुणाचा होता आणि कुणाला गेला, याची चर्चा कुठेही होणार नाही, हा माझा शब्द.

---

दाखला_बघा
१ जून, रात्री ९:००

१४ ला मी येतो. पालकांनी मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन छायाप्रती आणाव्यात. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा, यंदा पावसाचा भरवसा नाही.

---

आता_नववीत
२ जून, सकाळी १०:१०

वेळापत्रक मी मोठ्या कागदावर लिहून आणते. विषयांची पूर्ण नावं लिहिणार, आद्याक्षरं नाहीत. आमच्या वाडीतून यंदा तीन जण आठवीत येतायत, त्यांच्याबरोबर मी यायला तयार आहे. खालच्या वाडीतून कोण येणार त्यांची नावं बाईंनी कळवावीत, तिकडे माझी मैत्रीण आहे, ती पण हो म्हणालीय. मुलींना स्वच्छतागृह आम्ही दोघी दाखवू.